विश्लेषण : मागचे निकाल पुढच्या शर्यतीविषयी किती सांगतात?

भिलाई (छत्तीसगढ) : भिलाईत रेसकोर्स नाही. तरीही देशातील सर्वाधिक गाजलेल्या ऑनलाइन सट्टेबाजी प्रकरणाशी या पोलादनगरीचे नाव जोडले गेले आहे. ‘महादेव बुक’ या अ‍ॅपचे मुख्य प्रवर्तक मूळचे भिलाईचे असून ते दुबईतून हे जाळे चालवत होते, असा सक्तवसुली संचालनालयाचा (ईडी) आरोप आहे. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी महादेव बुकसह २२ बेकायदा सट्टा अ‍ॅप व संकेतस्थळे रोखण्याचे आदेश दिले. छत्तीसगढ सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे (सीबीआय) सोपवला. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने दोष कोणाचा, हे न्यायालयच ठरवील.

मात्र पैज लावणाऱ्यांचा एक समज या प्रकरणापेक्षा जुना आहे आणि तो कोणत्याही बंदीने जात नाही. मागील निकालांचा नीट अभ्यास केला, की पुढचा निकाल हेरता येतो, हा तो समज. तो पारखायचा तर घोड्यांच्या शर्यतींकडे पाहणे योग्य ठरेल. कारण या खेळात अभ्यासाला वाव असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले आहे. १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ ठरवला. घोड्याची अंगभूत क्षमता, त्याला मिळालेले प्रशिक्षण आणि जॉकीचे कसब यांवर निकाल अवलंबून असतो व या बाबींचे मूल्यमापन करता येते, हे त्यामागील सूत्र होते.

या अभ्यासाची सर्वांत कठीण परीक्षा लांब पल्ल्याच्या हँडिकॅप शर्यतीत होते.

भार वाटणारा अदृश्य प्रतिस्पर्धी

हँडिकॅप शर्यतीत सर्व घोडे समान वजन घेऊन धावत नाहीत. हँडिकॅपर हा अधिकारी प्रत्येक घोड्याच्या मागील कामगिरीवरून त्याचे रेटिंग ठरवतो. त्यानुसार सरस घोड्याला अधिक आणि दुबळ्या घोड्याला कमी भार दिला जातो. सर्व घोडे एकाच वेळी अंतिम रेषेवर पोहोचावेत, हे या पद्धतीचे आदर्श उद्दिष्ट असते. म्हणजे पैज लावणारा ज्या निकालांचा अभ्यास करतो, तेच निकाल हँडिकॅपरने आधी वाचलेले असतात आणि त्यांचा हिशेब वजनात मांडलेला असतो.

ऑस्ट्रेलियातील ३२०० मीटरची मेलबर्न कप ही या प्रकारातील जगातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत. १९३० मध्ये ‘फार लॅप’ हा घोडा सुमारे ६२.५ किलो भार वाहून जिंकला. पुढील वर्षी त्याच्यावर सुमारे ६८ किलो भार आला आणि तो आठवा आला. ‘मेकीबी दिवा’ या घोडीवर २००३ मध्ये ५१, २००४ मध्ये ५५.५ आणि २००५ मध्ये ५८ किलो भार होता. तरीही तिने तिन्ही वर्षे कप जिंकला. विजयानंतर वाढलेला भार एकाला झेपला नाही, दुसरीला झेपला. ‘मागच्या वर्षीचा विजेता’ या एकाच नोंदीवरून दोन्ही निकाल ओळखता आले नसते.

दहा वर्षांचे दहा विजेते

मोठ्या शर्यतीपूर्वी ‘गेल्या दहा वर्षांतील कल’ सांगणारे तक्ते सर्रास प्रसिद्ध होतात. त्यांतील पहिली चूक तुलनेची असते. समजा, दहापैकी आठ विजेते चार ते पाच वर्षे वयाचे होते. हा आकडा ठळक वाटतो. पण त्या दहा वर्षांत धावलेल्या १२० घोड्यांपैकी ९० घोडे याच वयाचे असतील, तर निव्वळ योगायोगानेही सात-आठ विजेते याच गटातून येतील. वयाने इथे काहीच सिद्ध होत नाही. ‘सर्वाधिक भाराचा घोडा दहा वर्षांत एकदाच जिंकला’ या विधानाचेही तसेच. बारा घोड्यांच्या शर्यतीत असा घोडा बहुधा एकच असतो. सर्वांना समान संधी असली, तरी दहा वर्षांत त्याच्या वाट्याला सरासरी एकापेक्षा कमी विजय येईल.

दुसरी चूक योगायोगाला नियम मानण्याची. मेलबर्न कपमध्ये प्रारंभीच्या १८ क्रमांकाच्या गेटमधून सुटलेला घोडा जिंकत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. जवळपास शतकभराच्या नोंदी त्याला दुजोरा देत होत्या. २०२१ मध्ये ‘व्हेरी एलिगंट’ ही घोडी त्याच गेटमधून सुटली आणि जिंकली. ढोबळ गणित केले तर यात आश्चर्य उरत नाही. २४ गेट आणि सुमारे शंभर शर्यती धरल्या, तर एखादे ठरावीक गेट विजयाविना राहण्याची शक्यता जेमतेम दीड टक्का येते. पण २४ पैकी कोणते तरी एक गेट तसे राहण्याची शक्यता सुमारे एकतृतीयांश असते. शोधणाऱ्याला असे एखादे गेट सापडण्याची शक्यता बरीच असते.

भारतात नमुन्यांची चणचण अधिक आहे. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरही बहुतांश हँडिकॅप शर्यती मध्यम वा कमी पल्ल्याच्या असतात. २००० मीटर वा त्याहून अधिक अंतराच्या मोजक्याच. इतक्या थोड्या निकालांवर बांधलेला नियम टिकाऊ ठरण्याची शक्यता कमीच.

कारण असेल तरच कल

याचा अर्थ भूतकाळ निरुपयोगी आहे, असा नाही. ज्या नोंदीमागे शारीरिक वा व्यावहारिक कारण दाखवता येते, ती विचारात घेण्याजोगी असते. लांब पल्ल्यावर घोडा यापूर्वी शेवटपर्यंत टिकला आहे काय, त्याच्या वंशावळीत दमदार घोडे आहेत काय, पुण्याच्या पावसाळी हंगामातील मऊ धावपट्टीवरचा त्याचा फॉर्म मुंबईच्या हिवाळी हंगामातील कोरड्या धावपट्टीवर टिकेल काय, मागील शर्यतीनंतर त्याला पुरेशी विश्रांती मिळाली काय, हे प्रश्न कारणाशी जोडलेले आहेत.

कारण बदलले, की कलही मोडतो. उत्तर गोलार्धात प्रशिक्षित झालेल्या घोड्याने १९९३ पर्यंत मेलबर्न कप जिंकला नव्हता. दूरचा प्रवास आणि हवामानातील फरक ही त्यामागील समजण्याजोगी कारणे होती. त्या वर्षी आयर्लंडच्या ‘व्हिंटेज क्रॉप’ने हा अडथळा ओलांडला आणि त्यानंतर युरोपातून येणाऱ्या घोड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जुना तक्ता हातात धरून बसलेला अभ्यासक तेव्हा मागे पडला.

चांगला अंदाजही तोट्यात

योग्य कारण शोधूनही प्रश्न संपत नाही. तेच कारण इतरांना दिसले असेल, तर त्या घोड्याचा भाव आधीच उतरलेला असतो. शिवाय टोट वा बुकीचा वाटा आणि कर आहेतच. घोड्यांच्या शर्यतींवर १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. १०० रुपयांच्या पैजेवर ४० रुपये कर भरल्यानंतर केवळ बरोबरीत सुटण्यासाठीही अंदाज इतर सर्वांपेक्षा कितीतरी सरस असावा लागतो.

दरम्यान, कायद्याची भूमिकाही बदलली आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीची तरतूद आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. १९९६ च्या निकालातील कौशल्याचा युक्तिवाद परवानाधारक रेसकोर्सच्या संदर्भात झाला होता. मोबाइलच्या पडद्यावर त्याचा आधार घेणे आता कठीण आहे.

भिलाईसारख्या शहरासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. घोडा, त्याची चाल, धावपट्टी आणि वजन डोळ्यांसमोर असूनही शर्यतीचे जाणकार वारंवार चुकतात. मग खेळ कोण चालवतो, भाव कोण ठरवतो आणि पैसे कुठे जातात, हेच ठाऊक नसलेल्या अ‍ॅपवर ‘मागील आकडेवारी’ दाखवून दिलेल्या खात्रीला कितपत किंमत द्यायची, हा प्रश्न पगाराचे पैसे लावण्यापूर्वी विचारायला हवा.