विसावा भाग कुणाच्या खात्यात?

बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका मुलीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं. जागा पक्की करायची तर ठरलेल्या तारखेच्या आत अनामत रक्कम भरायची होती. घरात आई, ती निंदण-खुरपणाच्या मजुरीवर. बाप नाही, शेती नाही. आम्ही अमरावती-अकोल्याच्या कार्यकर्त्यांनी ग्रुपवर हाक दिली. अमेरिकेतल्या तिघा भावांनी दोन दिवसांत पंधराशे डॉलर जमवले आणि आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याच्या बचत खात्यात पाठवले. पाठवण्याचं कारण काय, असं अ‍ॅप विचारतं. यादीत जवळचं काही दिसेना, म्हणून त्यांनी 'कुटुंबाचा खर्च' निवडलं.

बँकेने पैसे अडवले. साहेबाने आमच्या माणसाला बोलावून विचारलं, पाठवणारे तुमचे कोण?

"भाऊ हायेत माहे."

"सख्खे?"

"सख्खे नाहीत. चळवळीतले हायेत."

या उत्तराला बँकेच्या फॉर्मवर रकाना नाही. पैसे अकरा दिवस लटकले. मधल्या काळात तारीख आली. आईने गळ्यातली पोत पतसंस्थेत ठेवली, मावशीच्या बचत गटातून उचल घेतली आणि अनामत भरली. पोरगी गेली. पैसे नंतर सुटले, पोतही सुटली. व्याज गेलं ते गेलं.

आम्ही दोन दिवस बँकेला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी बसून हिशेब मांडला तेव्हा कळलं की चूक आमची होती. ही एकाच वेळची चूकही नाही. परदेशातल्या आपल्या माणसांचा पैसा घेण्याची आपली रीतच चुकीची आहे, आणि आज त्यावरच बोलायचं आहे. काहींना राग येईल. येऊ द्या.

आधी नुसता पैशाचा प्रवास पाहा. डॉलर अमेरिकेतून निघाले, त्यांचे रुपये झाले. तेच रुपये पौंड होऊन इंग्लंडला जाणार होते. म्हणजे एका मदतीची दोनदा मोडतोड, आणि दोन्ही वेळा मधल्याचा हात आत. 'शून्य शुल्क' अशी जाहिरात असते, पण शुल्क दरातच लपवलेलं असतं. बाजारात डॉलर ८५ रुपयांना असताना तुम्हाला ८३.५० ने दिला, तर हजार डॉलरमागे दीड हजार रुपये गेले, आणि पावतीवर 'शुल्क ०' असंच छापून आलं. मधल्या बँका आपली कात्री लावतात ती वेगळी. जागतिक बँकेच्या हिशेबाने दोनशे डॉलर घरी पाठवायला जगभरात सरासरी सहा टक्क्यांहून जास्त खर्च येतो. तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणायचं, असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेलं आहे. थोडी रक्कम पाठवणाऱ्याला कात्री जास्त लागते. आखातात बांधकामावर राबणारा आणि अमेरिकेत कोड लिहिणारा एकाच दराने कापला जात नाही.

विनिमयाचा दर म्हणजे अर्थतज्ज्ञांची भानगड, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणाऱ्या आंबेडकरवाद्याने बाबासाहेबांची १९२० ची गोष्ट आठवावी. बाबासाहेब त्या वर्षीच्या जुलैमध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, नवल भथेनांकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत एवढ्या बळावर गेले. त्या वर्षाच्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंग आठ पेन्सांहून जास्त मिळत होते, म्हणजे शंभर रुपयांना तेरा पौंडांच्या वर. १९२१ मध्ये रुपया दीड शिलिंगाच्याही खाली घसरला आणि त्याच शंभर रुपयांना साडेसात पौंडसुद्धा येईनात. मुंबईत जमवलेला पैसा लंडनमध्ये निम्म्यावर आला होता. त्याच साली बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड मागितले. आणि १९२३ मध्ये लंडनमध्ये त्यांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' छापून आलं. ज्याच्या स्वतःच्या ताटातला घास विनिमयाच्या दराने उचलून नेला होता, त्या माणसाचं हे पुस्तक आहे.

(दरवर्षी १ एप्रिलला रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेचा आणि या पुस्तकाचा मेसेज फिरतो. फिरवणाऱ्यांपैकी शंभरात एकाने तरी पुस्तक उघडलं असतं, तर आज हा लेख लिहावा लागला नसता.)

त्या पुस्तकात आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी एक प्रश्न धरून ठेवला: रुपया घसरला की फायदा कुणाचा आणि तोटा कुणाचा? रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, देशाचं भलं होतं, असं व्यापारी सांगत. बाबासाहेबांनी दाखवलं की हा देशाचा फायदा नाही. एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेला हा पैसा आहे. भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि मधला फरक व्यापाऱ्याकडे जातो. वऱ्हाडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १८६० च्या दशकात रेल्वे अकोला-बडनेऱ्याला पोचली आणि इथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांकडे निघाला. त्या कापसाचं मोल लंडनमध्ये पौंडात भरलं जाई, भारतमंत्री तिथे काउन्सिल बिलं विकत असे आणि इथल्या सरकारी खजिन्यातून रुपये मिळत. परदेशी पैसा आपल्या जिल्ह्यांना दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. कापूस वेचणारे, जिनात सरकीच्या धुळीत खोकणारे आपले आजे-पणजे होते. दर ठरवणाऱ्यांत मात्र आपला एकही नव्हता.

आता चित्र थोडं पालटलंय. २०२३-२४ च्या रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के निघाला, केरळच्याही पुढे. अमेरिका सर्वांत मोठी पाठवणारी. या पैशात आपल्याही पोरांचा घाम आहे. ज्यांच्या बापाने जिनात हमाली केली, ते आज डॉलरमध्ये कमावतात, आणि त्यातले कितीतरी जण समाजाला काही द्यायचं म्हणून तळमळतात. आम्हाला आमच्या या भावा-बहिणींबद्दल अभिमान आहे, म्हणूनच पुढचं कडवट बोलतो.

दादांनो, तायांनो, तुम्ही पैसा माणसाला देता, संस्थेला देत नाही. ज्याच्या पोस्टवर फोटो जास्त, भाषण जोरात, त्याच्या खात्यात टाकता. जयंतीच्या डीजेला, कमानीला, स्टेजमागच्या बॅनरला पैसा येतो, कारण बॅनरवर तुमचं नाव येतं. वस्तीतल्या अभ्यासिकेच्या वीजबिलाला येत नाही, कारण वीजबिलावर देणाऱ्याचा फोटो छापत नाहीत. आणि इकडे आम्ही? आमच्यातल्या कुणी हिशेब मागितला की त्याच्यावर लगेच शिक्का: हा फोडाफोडी करतो, हा त्यांचा माणूस. हिशेब मागणारा शत्रू ठरला की पैसा खाणारा आपोआप नेता ठरतो. आपल्या गल्लीत असे दोन-चार नेते आपण स्वतः घडवले आहेत.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, ती रीतसर नोंदवली. बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष, शिवतरकर सचिव, खजिनदार जाधव. पैशाची पेटी बाबासाहेबांनी स्वतःच्या बगलेत ठेवली नाही. त्यांच्यावर विश्वास नव्हता म्हणून का खजिनदार वेगळा होता? आज गल्लीतल्या प्रत्येक संघटनेत अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि क्यूआर कोड एकाच माणसाचा असतो.

यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लोक म्हणतात, नोंदणी केली की सरकारच्या डोळ्यांवर येतो, त्यापेक्षा खासगी खातं बरं. भीती खोटी नाही. ३१ डिसेंबर २०१७ च्या एल्गार परिषदेला माओवाद्यांचा पैसा असल्याचा आरोप झाला. न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांनी आयोजक आम्हीच असल्याचं उघड सांगितलं, तरी माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली. पण यातून नेमका उलटा धडा निघतो. पैसा कुठून आला, हा प्रश्न ज्यांना हत्यार म्हणून वापरायचा आहे, त्यांच्यासाठी कार्यकर्त्याचं बेहिशेबी बचत खातं म्हणजे आयता पुरावा. आणि हवालाचा माणूस 'दर चांगला देतो' म्हणून त्याच्याकडे जाणाऱ्याने आपल्यासोबत वस्तीलाही गोवलं, असं समजावं.

कायदा न्याय्य आहे असं मात्र आमचं मुळीच म्हणणं नाही. परदेशी देणगीच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, नोंदणी मिळवायला संस्थेला तीन वर्षं पूर्ण हवीत आणि त्या तीन वर्षांत पंधरा लाख रुपये कामावर खर्च झालेले हवेत. कोणत्या विहार कमिटीने पंधरा लाख खर्च केलेत? २०२० पासून पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरला पाहिजे. एका संस्थेने दुसरीला तो पुढे देणंही बंद, म्हणजे मोठ्या नोंदणीकृत संस्थेने अकोल्याच्या छोट्या अभ्यासिकेला हात देण्याची वाटच तोडली. आता त्याच कायद्याने स्वतःसाठी काय केलं ते पाहा. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस दोघांनीही परदेशी देणगीचा कायदा मोडल्याचा निकाल दिला. मग २०१६ च्या अर्थ विधेयकातून 'परदेशी' या शब्दाचा अर्थच बदलला, आणि २०१८ मध्ये तो बदल मागे ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत नेऊन लावला. संसदेत चर्चा न होता बेचाळीस वर्षं धुऊन निघाली. त्यांना अख्खी चार दशकं माफ, आणि आमच्या पोरीच्या अनामतीला अकरा दिवस.

या कायद्याशी भांडावंच लागेल. पण भांडताना त्यात आज आपल्यासाठी उघडी असलेली दारं माहीत नसावीत, ही कमाल आहे. ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, तो परदेशात राहत असला तरी त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत संस्थेला दिलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. त्याने आपल्या भारतातल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून सरळ रुपये द्यावेत. बदल एकदाच होतो आणि तो कोणत्या दराने करायचा हेही त्याच्या हातात राहतं. तिकडचं नागरिकत्व घेतलेला मात्र, ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्याच्या नजरेत परदेशी. जन्म अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यातला असो की अकोल्याचा, त्याने नोंदणी नसलेल्या संस्थेला देऊ नये, आणि आम्ही घेऊ नये. काउंटरवर रोख मिळणारी जी मनी ट्रान्सफर सेवा असते, ती घरच्या खर्चासाठी आहे. तिच्यातून ट्रस्टला देणगी घेता येत नाही. आणि पाठवण्याचं कारण खरं लिहा. 'कुटुंबाचा खर्च' हे आपल्या भावनेने खरं असेल, कागदावर खोटं आहे.

तिकडचे नागरिक झालेले मग काय करणार? खूप काही, आणि तेही एक डॉलर इकडे न आणता. इंग्लंड-अमेरिकेत शिकायला आलेल्या आपल्या पोराची फी तिथल्या तिथे विद्यापीठात भरता येते. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की पोरगं परक्या शहरात भाड्यासाठी कासावीस होतं. त्याच्या खोलीची अनामत भरा, भाडेकराराला जामीन राहा, पहिले दोन महिने घरात ठेवून घ्या. बार्शीटाकळीच्या त्या मुलीचे पंधराशे डॉलर थेट विद्यापीठाकडे गेले असते तर एकदाच बदलले असते, आणि पोत गळ्यातच राहिली असती. ही साधी गोष्ट आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आली नाही, कारण मदत म्हणजे आमच्या हातून गेलेली मदत, अशी आमचीही सवय झाली होती.

१५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचा निश्चय करायला सांगितलं. घेणाऱ्याने हिशेब देऊ नये, असं त्यात कुठेही नाही.

आमच्या अभ्यासिकेपुरतं आम्ही आता ठरवलंय. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा अर्ज गेला आहे. ती होईपर्यंत परदेशातून एक पैसाही घ्यायचा नाही, कुणाही कार्यकर्त्याच्या खात्यात तर नाहीच. खातं निघालं की दोघांच्या सहीने चालेल, आणि त्या दोघांत अध्यक्ष नसेल. दर पौर्णिमेला जमा-खर्चाचा कागद विहाराच्या फळ्यावर लागेल, आणि तोच फोटो काढून देणाऱ्यांना जाईल. ज्या कार्यकर्त्याच्या खात्यात तेव्हा पैसे आले होते, त्याने पहिला कागद स्वतः लिहून आणला: आलेले डॉलर, झालेले रुपये, पतसंस्थेचं व्याज. व्याजाचा आकडा त्याने लाल पेनाने लिहिलाय. तो कागद सध्या फळ्यावर आहे.