पोशाख आणि नाव

जुनी सिगारेट-चित्रे जमविणे हा छंद निरागस आहे, असे मला वाटत नाही. १८८६च्या सुमारास अमेरिकेतील ॲलन अँड गिंटर कंपनीने पाकिटांत बेसबॉलच्या पोशाखातील स्त्रियांची छायाचित्रे घातली. त्या खेळाडू नव्हत्या. छायाचित्रासाठी उभ्या केलेल्या निनावी तरुणी होत्या. गिऱ्हाईक पुरुष, आमिष स्त्री. मात्र १८८७च्या ५० विजेत्यांच्या मालिकेत नेमबाज ॲनी ओकली नावानिशी आली. संग्राहकाने जपावे ते या दोन चित्रांतले अंतर.

वऱ्हाडाला हे परके नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासूनचे; त्याचे पथक १९३६मध्ये बर्लिनला गेले. व्यायामाची अशी परंपरा असलेल्या अमरावती-अकोल्यातील घरांत लेझीम, खो-खो खेळणाऱ्या मुलींची जुनी छायाचित्रे असतील, तर त्यांच्यामागे आजच नावे लिहावीत. अन्यथा उद्याचा संग्राहक केवळ पोशाखच पाहील.