मुका मार आणि ‘पातळ’ रक्त

न्हाणीघरात पाय घसरून घरातील वयोवृद्ध गृहस्थ पडतात, डोके उंबऱ्यावर आपटते, टेंगूळ येते; बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही. ‘मुका मार आहे, हळद लावा’ असा निर्वाळा देऊन मंडळी आपापल्या कामाला लागतात. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. परंतु त्या गृहस्थांच्या उशाशी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची डबी असेल, तर हाच निर्वाळा प्राणावर बेतू शकतो. ही जाणीव आपल्या समाजात अद्याप रुजलेली नाही.

‘रक्त पातळ करणारी’ हे नावच मुळात फसवे आहे. या औषधांनी रक्त पातळ होत नाही; त्याची गोठण्याची क्रिया मंदावते. १९२० च्या दशकात अमेरिकेत व कॅनडात बुरसटलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यामागील द्रव्याचा छडा लावला. त्याच कुळातील वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांचे औषध म्हणून मान्य झाले. हा इतिहास आम्ही औषधाच्या निंदेसाठी सांगत नाही. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णास अशी गोळी जन्मभर अपरिहार्य असते. ती बंद केल्यास झडपेवर गुठळी धरून मृत्यू किंवा पक्षाघात ओढवू शकतो. परंतु जे गुण गुठळी रोखतात, तेच डोक्याला मार लागताच वैरी होतात.

वयोमानाने मेंदू किंचित आकसतो व त्याच्या आवरणांतील शिरा ताणल्या जातात. एरवी अशा शिरेतून झिरपणारे रक्त आपोआप गोठून थांबते; औषध चालू असलेल्या रुग्णात ते झिरपतच राहते. कवटी ही बंद पेटी असल्याने दाब मेंदूवरच पडतो. कधी हे काही तासांत घडते, तर कधी काही आठवड्यांनी चाल अडखळते, बोलण्यात गोंधळ होतो आणि घरचे म्हणतात, ‘आता वय झाले!’ वॉर्फरिन घेणाऱ्यांत असा रक्तस्राव झाल्यास मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. त्यात वार्धक्याचाही वाटा असतो हे खरे; पण सारा दोष वार्धक्याच्या माथी मारून चालणार नाही. नव्या पिढीच्या गोळ्यांनी कवटीतील रक्तस्राव वॉर्फरिनपेक्षा कमी होतो. मात्र कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि धातूच्या झडपेसाठी त्या चालतही नाहीत.

ब्रिटनमध्ये २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णास दुसरे कोणतेही लक्षण नसले तरी सीटी स्कॅनचा विचार करावा, असे डॉक्टरांना सांगितलेले आहे. आपल्याकडे खेड्यातील रुग्णाला स्कॅनसाठी बहुधा मोठे गाव गाठावे लागते. म्हणूनच पहिल्या तासातील एक प्रश्न मोलाचा ठरतो : ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे काय?’ रुग्णवाहिकेपासून अपघात विभागापर्यंत तो प्रत्येकाने विचारलाच पाहिजे. वॉर्फरिनवर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा स्वस्त आहे. पण त्याला गुण यायला काही तास लागतात. तेवढ्या वेळात गोठणघटक किंवा ताजा रक्तद्रव मिळण्याची सोय हवी. ती निदान उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्य होय. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीही औषधाचे नाव, कारण व शेवटची रक्ततपासणी नोंदविलेले मराठी कार्ड रुग्णाच्या खिशात ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या वतीने ते कार्डच बोलू शकेल.

असे लिहिल्याने रुग्ण घाबरून गोळ्या टाकून देतील, असा आक्षेप येईल. भीती निराधार नाही. पण तिच्यावर उपाय मौन नव्हे, पुरती माहिती हाच आहे. गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये आणि डोक्याला लागलेला मार स्वतःच्या मनाने किरकोळ ठरवू नये, ही दोन पथ्ये घरोघर पोहोचली पाहिजेत. मुका मार बोलत नाही; म्हणून त्याच्या वतीने आपणच वेळीच बोलले पाहिजे.