आधी शहानिशा, मग खटला

मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. नोकरीच्या आमिषाने परदेशी गेलेल्या यांतील अनेकांना म्यानमारच्या अड्ड्यांमध्ये सायबर फसवणूक करण्यास भाग पाडले गेले होते. अशांना आरोपी मानायचे की पीडित?

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये या प्रश्नाला दिशा दिली. ब्रिटनमध्ये गांजाच्या छुप्या लागवडीत सापडलेल्या दोन व्हिएतनामी अल्पवयीनांना शिक्षा झाली होती. ते मानवी तस्करीचे बळी असल्याची सबळ चिन्हे असताना त्याची वेळीच शहानिशा न करता खटला चालवणे, हा दास्यमुक्तीच्या आणि न्याय्य सुनावणीच्या हक्कांचा भंग ठरला. न्यायालयाने सरसकट माफी दिली नाही. आधी तपासा, मग ठरवा, एवढेच बजावले.

आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद २३ मानवी व्यापार आणि वेठबिगारीस मनाई करतो. तस्करीच्या गुन्ह्यात पीडिताची संमती गैरलागू असल्याचे भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ सांगते. मात्र धमकीमुळे केलेल्या कृत्यास कलम ३२ जे संरक्षण देते, ते तत्काळ मृत्यूच्या भीतीपुरतेच आहे. पारपत्र हिरावणे, कर्जाचा फास, उपासमार यांना त्यात स्थान नाही. लोकसभेने २०१८ मध्ये संमत केलेले तस्करीविरोधी विधेयक राज्यसभेच्या मंजुरीअभावी बारगळले.

ही उणीव कायद्यानेच भरून काढावी. पीडितालाच पिंजऱ्यात उभे केले, तर दलालाविरुद्ध साक्ष देणार कोण?