जोराचा आकडा आणि कष्टाचा पैसा

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचे पाणी 39 फुटांवर गेले की इशारा आणि 43 फुटांवर गेले की धोका, हे येथील शाळकरी पोरही जाणते. परंतु मोजपट्टी चढलेले पाणी दाखविते. पाणलोटात उद्या किती पाऊस पडेल हे तिला ठाऊक नसते. नदीकाठच्या माणसाला उमगलेला हा भेद शेअर बाजारातील झटपट नफ्याचे शिकवणीवर्ग चालविणारे सोयीस्करपणे पुसून टाकतात.

या वर्गांतून ‘एडीएक्स’ नावाच्या निर्देशांकाचा मोठा गाजावाजा होतो. वेल्स वाइल्डर या अमेरिकन लेखकाने तो 1978 साली मांडला. आजचा उच्चांक व नीचांक कालच्या पलीकडे किती सरकला, याची साधारणतः 14 दिवसांची सरासरी घ्यावयाची, त्यावरून चढ आणि उतार यांच्या जोरातील तफावत काढावयाची व तिचीही पुन्हा सरासरी करावयाची. 0 ते 100 च्या पट्टीवर आकडा 25 च्या वर गेला की कल जोरदार, 20 च्या खाली राहिला की दुबळा, असा संकेत आहे. गणितात खोट नाही. मात्र तेजी असो वा घसरण, जोर वाढला की आकडा चढतोच. दिशेसाठी निराळ्या दोन रेषा पाहाव्या लागतात. शिवाय सरासरीचीही सरासरी असल्याने तो घडून गेलेल्याचीच वर्दी देतो, तीही उशिरा.

याचे भविष्यकथन म्हणून विक्री होते, तिचे फळ काय? ‘सेबी’च्या 2024 मधील पाहणीनुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनच्या व्यवहारांत 93 टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेले, एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिकांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत होते. उलट, 2023-24 या एकाच वर्षात दलाली पेढ्यांनी स्वतःच्या खात्यावर सुमारे 33 हजार कोटी व परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे 28 हजार कोटींचा ढोबळ नफा मिळविला. त्यातील बहुतांश संगणकचलित सौद्यांतून.

‘तुमचा अभ्यास कमी पडला’, असे बुडालेल्याला ऐकविले जाते. हा शुद्ध कांगावा आहे! जो आकडा साऱ्यांच्याच पडद्यावर झळकतो, तो एकट्याला वरचढ कसा करील? वायद्यात एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटा असतो. दलाली व कर दोघांनीही भरावयाचे. समोर यंत्र आणि भांडवल, इकडे उसाच्या बिलातून वा पगारातून वाचविलेली पुंजी. ही लढत बरोबरीची नाही.

कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून हा हिशेब तरुणांपुढे मांडावा. उसाच्या दरासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या या जिल्ह्याला, भाव कोणाच्या बळावर ठरतो हे नव्याने शिकवावे लागू नये.