रोमन संख्या : आधी फोडा, मग लिहा

पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हे येतात. एक ते वीस मुले पाठ करतात, सराव होतो आणि धडा मागे पडतो. पुढे परीक्षेत कुणी ४९ किंवा ९९ विचारले की पाठांतर कामाला येत नाही. गुण जातात ते जातातच. पण ‘मला गणित जमतच नाही’ असे मूल मनाशी ठरवून टाकते, हे नुकसान मोठे. म्हणून या महिन्यात घरी बसून करता येईल अशी रीत आपण पाहू. अम्मीने किंवा मोठ्या बहिणीने रोज पंधरा मिनिटे दिली तरी पुरे.

चिन्हे सातच आहेत. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. वहीत ही इंग्रजी मोठी अक्षरे लिहावीत.

मोठ्या चिन्हानंतर लहान आले तर बेरीज, आधी आले तर वजाबाकी. आय, एक्स, सी, एम ही चिन्हे लागोपाठ जास्तीत जास्त तीनदा येतात. व्ही, एल, डी एकदाच. वजाबाकीच्या जोड्या फक्त सहा : आय-व्ही ४, आय-एक्स ९, एक्स-एल ४०, एक्स-सी ९०, सी-डी ४००, सी-एम ९००. पाठ करायचे ते एवढेच.

आता रीत. संख्या आधी फोडा. मराठी शाळेतले मूल एकक-दशक-शतक म्हणेल, उर्दू शाळेतले इकाई-दहाई-सैकडा, काम एकच. ४९ म्हणजे ४० आणि ९. म्हणून एक्स-एल, मग आय-एक्स. पन्नासातून एक वजा म्हणून मुले आय-एल लिहितात, ते चूक. आय फक्त व्ही आणि एक्स यांच्याच आधी येतो. १९४७ घ्या : एम, सी-एम, एक्स-एल, व्ही-आय-आय.

१९०५ मध्ये दहाईच्या घरात शून्य आहे. तिथे काय लिहायचे? काहीच नाही : एम, सी-एम, व्ही. रोमन पद्धतीत शून्याला चिन्हच नाही, त्यामुळे कागदावर गुणाकार-भागाकार करणे फार जिकिरीचे. भारतीय अंकांची पद्धत नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मी यांनी अरबीत मांडली, आणि अशा ग्रंथांच्या लॅटिन अनुवादांतून ती युरोपला कळली. आपल्या घरात बोलला जाणारा ‘सिफर’ हा शब्दच फिरत फिरत इंग्रजीत ‘झीरो’ झाला. मुलांना हे जरूर सांगा.

उर्दू शिकणाऱ्या मुलांकडे एका बाबतीत जास्त लक्ष द्यावे. उर्दू आपण उजवीकडून वाचतो; पण उर्दूतही अंक डावीकडूनच लिहितो. रोमन चिन्हेही तशीच. नाहीतर आय-एक्स म्हणजे ९ चे एक्स-आय म्हणजे ११ होतात.

हा फरक दगडावर पाहायचा असेल तर मुंबईला गेल्यावर मुलांना गेट वे ऑफ इंडियावरचा इंग्रजी लेख वाचायला लावा. पाचवे जॉर्ज येथे उतरले त्याचे वर्ष तिथे रोमन चिन्हांत कोरले आहे : एम-सी-एम-एक्स-आय, म्हणजे १९११. शेवटची दोन चिन्हे उलट वाचली तर १९०९ होईल!

जुन्या पद्धतीच्या पुष्कळ घड्याळांत चारच्या जागी चार आय असतात. ती घड्याळाची रूढी. परीक्षेत मात्र आय-व्हीच लिहावे.

सरावासाठी १४, ९९, ४४४ आणि घरातल्या प्रत्येकाचे जन्मवर्ष घ्या. लिहून झाले की मुलाला तीच चिन्हे पुन्हा अंकांत मांडायला सांगा. मूळ संख्या परत आली आणि वरचे नियमही पाळले असतील तर उत्तर बरोबर. मग तपासायला आम्हा शिक्षकांचीही गरज उरत नाही.