यंत्र कोणाच्या आज्ञेंत?

मुलाच्या हातीं संगणक दिला कीं अभ्यास बुडाला, असें पुष्कळ पालक म्हणतात. पडद्यासमोर नुसतें बसून राहण्याविषयीं ही तक्रार रास्त आहे. परंतु तेंच यंत्र मुलाच्या आज्ञेंत आलें म्हणजे गुरुजींचें काम करूं लागतें, असें आमचें मत आहे.

१९६७ सालीं अमेरिकेंत सीमोर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांसाठीं ‘लोगो’ ही संगणकभाषा रचिली. पुढें तींत एक कांसव आलें. ‘पुढें चल’, ‘उजवीकडे वळ’ या आज्ञा पाळीत तें रेघ ओढतें. समभुज त्रिकोणाकरितां मूल त्यास ६० अंश वळावयास सांगतें, आणि पडद्यावर उमटतो अर्धा षट्कोन! मग मूल स्वतः जमिनीवर तसें चालून पाहतें, तेव्हां उमगतें कीं वळण १२० अंशांचें हवें. तीन वळणांत ३६० अंश भरतात. ही भूमिति कोणी घोकवून घेतली नाहीं. चुकीनेंच ती शिकविली.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलें पडद्यापुढें किती वेळ बसलीं एवढेंच न विचारतां, त्यांनीं काय घडविलें हेंहि विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, त्या प्रश्नास उत्तर म्हणून तुमच्यापाशीं दाखविण्याजोगें कांहीं असूं द्या.